बारा बाया, सात सीट

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मेंबरची गाडी मुरमाटोल्याच्या विहारासमोर येऊन उभी राहिली. टोल्यातली सर्वांत रुंद गल्लीही तिला पुरत नव्हती. ड्रायव्हर लोकेशने दोन्ही बाजूंचे आरसे दुमडून ती आत घातली होती, तरी एका घराच्या ओट्यावरची घागर हलवावी लागली.

मेंबर म्हणजे पिपरटोल्याचे योगराजभाऊ. पंधरा वर्षांपूर्वी ते पंचायत समितीवर निवडून आले. पुढे दोनदा पडले, पण मेंबर हे नाव चिकटलं ते चिकटलंच. गाडी त्यांनी निवडून आल्याच्या दुसऱ्या वर्षी घेतली होती. तीन हजार सीसीचं डिझेल इंजिन, सात सीट, पुढे माणसाच्या छातीपर्यंत येणारा लोखंडी गार्ड, लिटरला आठ किलोमीटर. त्या काळात गोंदियाकडच्या गोरेगावच्या आसपास अशा अकरा गाड्या होत्या आणि लग्नाला त्यातल्या किती आल्या यावरून लग्न केवढं ते ठरत असे. आता चालू स्थितीत ही एकच उरली होती. तीन भंगारात गेल्या. एकीत मालकाने कोंबड्या ठेवल्या. बाकीच्या कोणाच्या कोणाच्या शेडमध्ये चाकं बसून उभ्या होत्या. मेंबरनेही दोन वर्षं गिऱ्हाईक शोधलं. गोंदियाहून आलेल्या दलालाने बोनेट उघडून अर्धा तास पाहिलं आणि बोनेट लावताना म्हणाला, "नेताजी, गाडी में दम है. जमाने में नहीं है." चहा पिऊन तो निघून गेला.

अशी ही गाडी मुरमाटोल्यात आली होती ती रोवणीच्या बाया न्यायला.

या भागात धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, टोळीने होते. ज्या शेतकऱ्याने टोळी सांगितली त्यानेच बाया न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणून सोडायच्या, असा रिवाज आहे. मेंबरकडे त्यासाठी भाड्याचं पिकअप यायचं. दोन दिवसांपूर्वी त्याचा ॲक्सल तुटला आणि दुरुस्तीला पाच दिवस लागणार होते. दुसरी गाडी मिळेना. रोवणीच्या दिवसांत मिळतही नाही. इकडे मेंबरचे पऱ्हे चौतीस दिवसांचे झाले होते. पंचविसाव्या दिवशी चिखलात जायला हवी होती ती रोपं वाफ्यातच कांडी धरू लागली होती. आणखी आठवडा गेला असता तर ती बैलांपुढे टाकावी लागली असती.

टोळी अल्का रामटेकेची. बारा बाया. नऊ वर्षांत दिलेला एकही दिवस या टोळीने चुकवला नव्हता आणि केवळ त्यामुळे तीन गावांचे शेतकरी जूनपासूनच अल्काला फोन करत असत.

लोकेशने मागचा दरवाजा उघडला. "बसा वो बाया, लवकर. मेंबर वाट पाहून राहिले."

अल्काने आत पाहिलं. मधली लांब सीट आणि मागच्या दोन सीट दुमडून सपाट केल्या होत्या. वर खताच्या रिकाम्या चुंगड्या अंथरल्या होत्या.

"लोकेशभाऊ, सीट कोटी गेल्या?"

"आहेत ना. दुमडल्या."

"काऊन?"

"तुमाले जागा व्हावी म्हनून."

"अन् थे पुढची?"

ड्रायव्हरच्या शेजारची सीट उभी होती. तिच्यावर पांढरा धुतलेला टॉवेल घातला होता.

"थे मेंबरची."

"मेंबर बसले आहेत काय तिच्यावर?"

"नाई."

"मंग?"

लोकेश चौदा वर्षं ही गाडी चालवत होता. मेंबर नसताना पुढची सीट रिकामीच जायची. त्याच्या आईला दवाखान्यात नेलं तेव्हाही ती मागेच बसली होती. काऊन, असं त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

बासष्ट वर्षांच्या रुक्माबाई पुढे आल्या. त्यांनी एक चुंगडी बोटाने उचलून पाहिली. "मी काय युरिया आहो काय गा, लोकेश? चुंगडीवर ठेवून नेतोस?"

बाया हसल्या. लोकेशही हसला.

"जाऊ दे ना वो अल्काबाई," दुर्गा म्हणाली. टोळीतली ती सर्वांत नवी होती, हा तिचा दुसरा हंगाम. "पिकअपमंदी त उभ्यानंच जातो आपन. हे त एसीची आहे. एका दिवसाचं काय?"

"पिकअपले सीटच नाई, दुर्गा. थे माल न्याची गाडी. आपन चढतो तवा आपल्याले माहीत असते." अल्काने दरवाज्यावर हात ठेवला. "याले सीट आहेत. आपन येनार म्हनून कोनीतरी सकारी उठून, मुद्दाम, एकेक करून दुमडल्या. याच्यात मी नाई चढत."

"सीट उभ्या केल्या त सहाच जनी बसता," लोकेश म्हणाला. "तुमी बारा. मले दोन चकरा माराचा हुकूम नाई."

"हुकूम ज्याचा त्याले विचार."

लोकेशने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून मेंबरचा आवाज आला. "सांग त्यायले. आत लेदर आहे. चिखलाच्या पायानं कोनी बसते काय लेदरवर?"

"मेंबर, मी अल्का बोलून राहिली. सकारी सात वाजता आमच्या पायाले चिखल नाई. थो तुमच्या बांधीत गेल्यावर लागते."

मेंबरचा आवाज चढला, "याचं असन त या. नाई त नका येऊ."

"शब्द देल्ला आहे. येतो," अल्का म्हणाली आणि डब्याची पिशवी खांद्यावर टाकून चालू लागली.

मुरमाटोला ते पिपरटोला, गोरेगाववरून, साडेसहा किलोमीटर. सात पंचवीसला बारा बाया एकामागे एक डांबरी रस्त्याला लागल्या. दुर्गा सर्वांत शेवटी होती आणि तिने दोनदा मागे वळून पाहिलं. लोकेशला फोनवर नवा हुकूम मिळाला होता. "मांगंच राह्य त्यायच्या. थकतीन त बसतीन."

म्हणून गाडी मागे निघाली. पहिल्या गियरमध्ये, बायांच्या चालीने, वीस पावलांचं अंतर ठेवून. आत एकटा लोकेश आणि त्याच्या शेजारी पांढरा टॉवेल.

गोरेगावात आठवडी बाजार होता. भाजीवाले ताडपत्र्या बांधत होते, एसटीतून माणसं उतरत होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या बारा बाया रांगेने आल्या आणि त्यांच्यामागे ती गाडी घरघरत आली, तसा बाजार थांबून पाहू लागला.

"मेंबर पुन्हा उभे राहून राहिले काय वो?" चहाच्या टपरीवरून एकाने विचारलं.

"हाव," रुक्माबाई न थांबता म्हणाल्या. "पन चिन्ह नाई भेटलं अजून."

टपरी हसली. कोणीतरी मोबाईल काढला. मोटरसायकलवाले गाडीच्या मागे अडकून हॉर्न वाजवू लागले. एकाने बाजूने काढत लोकेशला ओरडून विचारलं, "भैया, रैली है तो झंडा किधर है?" लोकेशने काच वर केली. एसी त्याने आधीच बंद केला होता, कारण तापमानाचा काटा वर सरकत होता. एवढ्या वजनाच्या म्हाताऱ्या इंजिनाला चार किलोमीटर पायी चालायची सवय नव्हती.

गावाबाहेरच्या राइस मिलपाशी बोनेटखालून वाफ आली. लोकेशने गाडी कडेला घेतली, बोनेट उघडलं आणि हात झटकत मागे सरला.

बाया थांबल्या. दुर्गा रांगेतून बाहेर आली. तिच्या हातात पाण्याची बाटली होती. "देऊ काय?"

"लोकेशले पेवाले दे," अल्का म्हणाली. "गाडीले नाई."

लोकेश उभ्याने अर्धी बाटली प्यायला. परत देताना तो दुर्गाला म्हणाला, "मेंबरले सांगजो नको, पन मी बी सीट दुमडाले नाई म्हनलो होतो." ते खरं होतं की नाही हे कोणी विचारलं नाही. बाया पुढे गेल्या, गाडी तिथेच राहिली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी टोळी पिपरटोल्याच्या बांधीत, मेंबरच्या धानाच्या पाणी भरलेल्या शेतात, उतरली.

मेंबर बांधावर छत्री घेऊन उभे होते. उंच, भारदस्त माणूस, पांढरा शर्ट, घड्याळ उजव्या हाताला. "तासभर उशीर झाला," ते म्हणाले.

"झाला," अल्काने मान्य केलं. "संध्याकारी तासभर जास्त राहू. आजचं रान पुरं करू." आणि ती वाकली. बाराही जणी वाकल्या. पुढचे चार तास मेंबरला बारा पाठी दिसत होत्या आणि त्यांच्या पायांपाशी ओळीने हिरवी होत जाणारी बांधी. कामात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. तो मेंबरचा खरा त्रास होता. काम वाईट झालं असतं तर ओरडता आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत ते बांधावरून आले. बाया डबे उघडून बसल्या होत्या.

"उद्या बी पायीच येता काय?"

"तुमी सांगा. गाडी तुमची."

"पिकअप तीन दिवस येत नाई. सहा एकर राह्यलं अजून."

"आमाले माहीत आहे. पऱ्हे बी पाह्यले आमी," अल्का म्हणाली. "आज आलो तशा उद्या येत नाई. आजचा शब्द होता, थो पारला. उद्याचा अजून देल्ला नाई. बेरडीपारच्या लोकायचा फोन काल दोनदा आला."

मेंबरने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "काय पाह्यजे?"

"सीट उभ्या करा. वर काही टाकू नका. अन् पुढची सीट रिकामी न्याची नाई, तिच्यावर बी बाई बसन."

"दोन चकरा होतीन! जाऊन येऊन सव्वीस किलोमीटर सकारी, सव्वीस संध्याकारी. किती डिझेल पेते माहीत आहे काय गाडी?"

"तुमची गाडी पेते, मेंबर. आमी त पानीच पेतो."

रुक्माबाईंनी तोंडाला पदर लावला. मेंबरच्या पत्नी धनवंताबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या, त्यांनी पेल्यांत चहा ओतण्याकडे जरा जास्तच लक्ष दिलं.

"डिझेलचं पाहून घेतो," मेंबर म्हणाले. "पन पुढची सीट राहू द्या. थे माही आहे. लोक पाहतात."

"तुमी बसले त तुमची. तुमी गाडीत नसले त थे नुसती सीट आहे."

मेंबरने वाफ्याकडे पाहिलं. रोपांचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. "ठीक आहे," ते म्हणाले.

"सगळं?"

"सांगतलं ना. ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी गाडी, रेडिएटरमध्ये नवं पाणी भरून, सहा पन्नासला आली. सीट उभ्या होत्या. चुंगड्या नव्हत्या. लेदर ओल्या फडक्याने पुसलेलं दिसत होतं. पुढच्या सीटवर मेंबर स्वतः बसले होते.

"मी स्वतः न्याले आलो," काच खाली करून ते म्हणाले. "रोवणीच्या बायायले एवढा मान कोन देते?"

अल्का खिडकीपाशी गेली. "मान देल्ला त चांगलं केलं. उतरा आता."

"काय?"

"काल ठीक आहे म्हनले तुमी. पुढची सीट बाईची. सहा जनी आता जातीन, सहा जनी मांगून. तुमी बसले त एक बाई उरते."

"एका बाईसाठी मी उतरू?"

"बारा जनीचा शब्द आहे. अकरा जनी येऊन राहिल्या त थो शब्द माहा नाई."

गल्लीत माणसं जमली होती. दात घासणारे, शाळेला निघालेले, विहाराच्या पायरीवर पेपर वाचत बसलेले. मेंबरने लोकेशकडे पाहिलं. लोकेश समोरच्या काचेवरचा एक डाग पाहत होता. इंजिन सुरू होतं, आणि जाग्यावर उभं राहूनही ते डिझेल पीत होतं हे मेंबरइतकं कोणाला ठाऊक नव्हतं.

दार उघडलं. मेंबर उतरले. उतरताना त्यांनी टॉवेल उचलून काखेत घेतला. पहिल्या सहा जणी बसल्या, पुढच्या सीटवर दुर्गा. गाडी आरसे दुमडून गल्लीबाहेर गेली.

मुरमाटोल्यात मेंबर आजवर अनेकदा आले होते. पायावर उभं असलेलं टोल्याने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. रुक्माबाईंच्या सुनेने प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बसा, मेंबर," रुक्माबाई म्हणाल्या. "अर्धा तास लागते."

ते बसले. ग्लास हातात तसाच होता.

"पह्यल्यांदाच आले आमच्या इकडं," अल्का म्हणाली.

"काऊन? दर निवडणुकीले येतो मी."

"गाडी येते. तुमचा हात येते काचेतून. जय भीम म्हनते अन् जाते."

कोणीतरी हसलं. मेंबर हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. सगळे त्यांच्या हातातल्या ग्लासाकडे पाहत नसल्यासारखं दाखवत होते. ते पाणी प्यायले, पूर्ण, आणि त्यांनी रिकामा ग्लास खुर्चीखाली ठेवला. "मंग आज आलो ना," ते म्हणाले.

"आज उतरवलं तुमाले. आले नाई," रुक्माबाईंनी दुरुस्ती केली.

सात चौतीसला गाडी परत आली. उरलेल्या सहा जणी उठल्या. रुक्माबाई पुढे बसल्या. पायरी उंच होती म्हणून अल्काने त्यांना खालून हात दिला. तीन मध्ये, दोन मागे. दारं लागली. तेव्हा मेंबरच्या लक्षात आलं की आपण अजून गल्लीतच उभे आहोत.

"अन् मी कोटी बसू?"

"सात सीट आहेत, मेंबर," अल्का मधल्या खिडकीतून म्हणाली. "तुमीच घेतली गाडी. मोजून घेतली असन."

"एवढी मोठी गाडी अन् एका मानसाले जागा नाई?"

"मांगं डिक्कीत आहे थोडी," लोकेश म्हणाला. तो खरोखर मदत म्हणून बोलला होता. मेंबरने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने गियर टाकला. "तिसरी चकर मारू काय मंग?"

मेंबरने तिसऱ्या चकरेचं डिझेल मनात मोजलं. "जा," ते म्हणाले आणि खिशातून फोन काढला.

धनवंताबाई वीस मिनिटांत आल्या, आपल्या बॅटरीच्या स्कूटरवर. ती त्यांनी गेल्या वर्षी मेंबरचा विरोध पत्करून घेतली होती आणि त्या तिच्यावर बचत गटाच्या बैठकांना जात. गल्लीत त्या कधी शिरल्या हे कोणाला ऐकूही आलं नाही. आरसे दुमडावे लागले नाहीत.

"बसा मांगं," त्या म्हणाल्या.

"हे ओढन काय दोघायले?"

"मले रोज ओढते. तुमी काय बारा बाया आहा?"

मेंबर बसले. हात कुठे ठेवावेत हे न कळून त्यांनी ते स्वतःच्या मांड्यांवर ठेवले. टॉवेल काखेत होता.

त्यानंतरचे दोन दिवस मेंबर मुरमाटोल्याला गेले नाहीत. गाडी मात्र ठरल्यावेळी जात राहिली, दोन चकरा सकाळी, दोन संध्याकाळी. संध्याकाळी बाया पाटाच्या पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय धुऊन चढत. तरी लेदरच्या शिवणींत चिखल गेलाच. लोकेशने तो काढायचा प्रयत्न केला नाही. पुढच्या सीटवर रोज वेगळी बाई बसायची. हा क्रम टोळीने आपसांत लावला होता आणि त्यावरून एकदा दोघींचं भांडणही झालं.

चौथ्या दिवशी दुपारी शेवटची बांधी राहिली होती. अल्काच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. तिचे हात कोपरापर्यंत चिखलात होते, म्हणून दुर्गाने फोन काढून, बोटं पुसून, तिच्या कानाशी धरला. बेरडीपारचे चैतराम बोलत होते. त्यांची पाच एकर राहिली होती, टोळी परवापासून पाहिजे होती. भाव ठरलेलाच, त्यावर बोलणं झालं नाही.

"मंग पिकअप पाठवतो सातले," चैतराम म्हणाले.

"पिकअप नको, भाऊ."

"नको? मांगच्या साली त त्यातच आल्या."

"मांगच्या साली आलो. आता उभ्यानं येत नाई. बसून येतो."

बांधावर मेंबर उभे होते. त्यांना पलीकडचा आवाज ऐकू येत नव्हता, अल्काचा येत होता.

"बारा जनीले बसाले?" चैतराम वैतागले. "मेंबरसारखी मोठी गाडी मी कोठून आनू वो बाई?"

दुर्गाने फोन अल्काच्या कानावरून काढून, स्पीकरवर टाकून, आपल्या तोंडाशी घेतला. अल्काने तिला थांबवलं नाही.

"मोठी आनूच नका, काका," दुर्गा म्हणाली. "मोठीत बी सहाच बसतो. लहान आना. दोनदा आना, तीनदा आना. पन सीटची आना."

चैतरामांची मागे घरात कोणाशी तरी बोलाचाली झाल्याचं ऐकू आलं.

"किती वाजता धाडू मंग?" त्यांनी विचारलं.

"पह्यली चकर साडेसहाले," अल्का वाकल्या वाकल्याच म्हणाली आणि तिने रोपांची पुढची जुडी सोडली.